ऊन पाठीवर: पणजीतल्या उन्हाळी फेऱ्यांच्या नोंदी

मार्च ते मे २०२५. म्हापशात, मडगावात, डिचोलीत कुणाला असंच काही बसवायचं असेल तर त्यांच्यासाठी. चुका गाळलेल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

आमच्या इमारतीतल्या बायकांचा चालण्याचा गट दिवाळीनंतर जोरात होता. फेब्रुवारी संपेपर्यंत तिघीच उरल्या. ऊन. दमट हवेत घाम सुकत नाही, कपडे अंगाला चिकटतात आणि दहा मिनिटांत माणूस घरचा रस्ता धरतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आता जूनमध्येच बघू." जूनमध्ये पाऊस. म्हणजे सरळ ऑक्टोबर.

म्हणून मनावर घेतलं. मेअखेरपर्यंत सहा फेऱ्या बसवायच्या. प्रत्येक तास-सव्वातासाची, साठीच्या बाईला आणि बारा वर्षांच्या पोराला झेपेल अशी, सुरुवात आणि शेवट बसच्या थांब्याजवळ. शेवटी हाताने काढलेला एक नकाशा, छापून सगळ्यांना.

माणसं तीन. मी (घरून शिवणकाम करते, म्हणून सकाळ मोकळी), तळमजल्यावरचे काका (नकाशे काढण्यात उभी नोकरी गेली, पट्टी-पेन्सिल हातातून सुटत नाही) आणि भाचा, ज्याच्या फोनवर अंतर मोजता येतं. आजचा खर्च: वही ४५, छत्री ३८०. छत्री काळी घेतली. काका म्हणाले आतून चंदेरी मिळते ती घ्यायची. दुकान बंद झालं होतं.

१६ मार्च, रविवार

पहिली फेरी मधल्या पणजीची. बाजाराकडून निघून आतल्या रस्त्यांनी मळा या वस्तीपर्यंत. साडेसातला निघायचं ठरलं, चहा आणि कुणाचं तरी राहिलेलं कुंकू यांत साडेआठ झाले.

तरी एक काम पदरात पडलं. एक रस्ता आहे, नकाशावर जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम, दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली घरं. त्याच्या दक्षिणेकडच्या फुटपाथवर टोकापासून टोकापर्यंत सावली होती. समोरचा फुटपाथ तव्यासारखा. काकांनी लगेच नकाशावर हिरव्या पेन्सिलीने दक्षिण बाजू रंगवली. मला वाटलं, झालं, सावलीचा नकाशा काढायचा. प्रत्येक रस्त्याची थंड बाजू हिरवी. सोपं काम.

हे वाक्य मी मुद्दाम खोडलेलं नाही. पुढे वाचा.

२३ मार्च, रविवार

आल्तिनोची टेकडी. मळ्याच्या बाजूने मारुतीच्या देवळापर्यंत पायऱ्या, तिथून वर, सगळी टेकडी ओलांडून पलीकडे उतरायचं. पायऱ्या मोजल्या. भाच्याचा आकडा वेगळा, माझा वेगळा, उतरताना तिसराच आला. नकाशावर "बऱ्याच" लिहिलं आहे.

चढ आधी घेतला हे बरोबर केलं. पावणेसातला वर होतो, झाडी दाट, खाली मांडवीवर धूर बसल्यासारखं धुकं. वर मोठे बंगले, मोठी झाडं, रहदारी कमी. पणजीतली मला सगळ्यात आवडलेली वाट हीच, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाही, हे नकाशावर लिहायलाच हवं.

एक गोष्ट काकांनी दाखवली. ही टेकडी जांभ्या दगडाची. जांभा स्पंजासारखा, पावसाचं पाणी आत मुरतं आणि पायथ्याशी झऱ्याने बाहेर येतं. मळ्याच्या बाजूला फोंत फेनिक्सचा झरा, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला बोक दे व्हाक म्हणजे गायमुख. टेकडीखालच्या फोंतेन्हास वस्तीचं नावच झऱ्यावरून पडलेलं. आम्ही झऱ्यांना बाटल्या भरायच्या जागा म्हणून नकाशावर घेणार होतो. काका म्हणाले, वर आता वस्ती किती आहे बघितलंत ना, पाणी बघायचं, प्यायचं नाही. घेतलं नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी फेरी नाही, गुढी आणि पुरणपोळ्या. संध्याकाळी पोट हलकं करायला म्हणून कांपालला गेलो आणि इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट कळली. वारा.

सकाळी सात ते दहा या वेळात पणजीत पान हलत नाही. समुद्रावरून वारा सुटतो तो जमीन तापल्यावर, दुपारकडे, आणि संध्याकाळपर्यंत चांगला भरतो. पाच वाजता कांपालच्या मोठ्या शिरीषांखालून चालताना ओढणी उडत होती. तापमान सकाळपेक्षा जास्तच असणार, पण घाम सुकत होता. आम्ही तीन रविवार सकाळच्याच मागे लागलो होतो, कारण चालणं म्हणजे सकाळचं असं डोक्यात बसलेलं.

फेरी क्रमांक ३ ठरली: कला अकादमीपासून नदीकाठाने मिरामारपर्यंत, संध्याकाळी. अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांची. तिच्या मोकळ्या मांडवातून वारा कसा आरपार जातो ते उन्हाळ्यातच कळतं. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी थांबायचं, वाळूत उतरायचं नाही, सहा वाजेपर्यंत वाळू गरमच असते. भाच्याने चप्पल काढून खात्री केली.

एक अडचण. मिरामारकडे जाताना सूर्य अगदी समोर. वहिनी हात कपाळाला लावूनच चालत होत्या. उलट चालावं का? नोंद करून ठेवली, पुढे विसरले.

६ एप्रिल, रविवार

फोंतेन्हास, सकाळी सात. अरुंद गल्ल्या, म्हणजे सावली असणारच असा हिशेब. हिशेब साफ चुकला. वस्ती टेकडीच्या पूर्व पायथ्याला, समोर ओरेंची खाडी, आडवं काही नाही. सूर्य वर आला की तो थेट पिवळ्या-निळ्या भिंतींवर, आणि भिंतींवरून आपल्या तोंडावर. साडेसातला डोळे किलकिले करून चालत होतो.

एका घराच्या पायरीपाशी टेकणार एवढ्यात दार उघडलं. आजीबाई, हातात पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेल्या उंड्यांची पिशवी.

"फोटो काडूंक आयल्यात?"

त्यांचा राग समजतो. सकाळपासून लोक यांच्या दारात, बाल्कांवावर (दारापुढच्या ओट्यावर) चढून उभे राहतात, नवरानवरीचे फोटो काढतात, घरातल्या माणसाला बाहेर पडायला वाट नसते.

मी म्हटलं, "ना गे माये. सावळी सोदतात."

त्या हसल्या. "सावळी? मागीर सांजेर यो, पांचां उपरांत. सकाळीं हांगा उजो पडटा."

तिथेच उमगलं. टेकडी पश्चिमेला. सूर्य टेकडीमागे लवकर जातो, म्हणजे बाकीच्या पणजीत ऊन असताना ही सगळी वस्ती टेकडीच्या सावलीत. जिथे तीन-चार पिढ्या दार उघडून बसल्या आहेत तिथल्या बाईला विचारायचं सोडून आम्ही फोनवर बघत होतो. फेरी क्रमांक ४ संध्याकाळची झाली.

पाणी आजींनी दिलं. फोटो काढला नाही.

१३ एप्रिल, रविवार

सगळ्यात वाईट दिवस, म्हणून सगळा लिहिते.

पाटोहून, म्हणजे पणजीच्या बसस्थानकाकडून, रायबंदरचा जुना बांध. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना बांधलेला, तीन किलोमीटरपेक्षा थोडा जास्त. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला एकेकाळची मिठागरं आणि कांदळवन. बसमधून इतका सुंदर दिसतो की चालायचाच असं ठरलं. आठ जणी आल्या, गटाची आतापर्यंतची सर्वांत मोठी हजेरी. एकीला यायला उशीर, निघालो आठ वाजता.

बांध पूर्वेकडे जातो. म्हणजे सूर्य बरोबर डोळ्यांत. झाड म्हणावं असं वाटेत नाही, कांदळवन आहे ते रस्त्याच्या खाली, गुडघ्यापर्यंतही सावली देत नाही. वारा शून्य. भरती ओसरलेली, चिखल उघडा, त्याचा वास. गाड्या जवळून जातात, त्यामुळे दोघी-दोघींनी गप्पा मारत चालता येत नाही, रांगेत चालायचं. अर्ध्यावर गेल्यावर मागे वळण्यात अर्थ नाही आणि पुढे जाण्याची ताकद नाही.

एका काकींना गरगरलं. रस्त्याच्या कडेला, उन्हातच बसवलं, छत्री धरली. आता पाण्याची गंमत. मी घरून कोकमाचं आगळ घातलेलं पाणी आणलं होतं, लिटरला दोन मोठे चमचे, आगळात मीठ असतंच. कल्पना चांगली. पण एक लिटर शेजारणीच्या तांब्याच्या बाटलीत भरलं होतं. आंबट आणि तांबं! झाकण काढल्यावर वासानेच कळलं. तोंडाला लावू न देता ओतून टाकलं. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं उरलेलं अर्धा लिटर आठ जणींत.

बस थांबवली, थांबा नसताना थांबली, चालकाचे उपकार. काकी दुपारपर्यंत बऱ्या झाल्या. घरच्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं, ऐकायलाच हवं होतं.

नुकसान: एक रविवार, पाच जणींचा उत्साह (पुढच्या वेळी तिघीच), आणि तांब्याची बाटली, जी शेजारणीला नवीन घेऊन दिली, ७५० रुपये.

१५ एप्रिल, मंगळवार

काका रागावले नाहीत. नकाशा उलटा धरून बसले होते. म्हणाले, "आपण सगळ्या फेऱ्या गोल का काढतो? घरून निघून घरी का यायचं? बस कशाला आहे?"

गोल फेरीत अर्धा वेळ सूर्य तोंडावर येणारच. एका दिशेची फेरी केली तर सूर्य कायम पाठीवर ठेवता येतो. सकाळी पश्चिमेकडे चालायचं, संध्याकाळी पूर्वेकडे. दुसरी बाजू बसने. पाठीवरचं ऊन छत्री खांद्यावर टेकवून अडवता येतं, हातही दुखत नाही. समोरचं ऊन छत्रीने अडवलं तर रस्ताच दिसत नाही.

म्हणजे ३० मार्चची नोंद. मिरामारची फेरी उलटी हवी. मी तेव्हाच लिहिलं होतं आणि वही मिटली होती.

१७ एप्रिल, गुरुवार

रायबंदर पुन्हा, फक्त आम्ही तिघं. पहाटे पावणेसहाला पाटोवरून बस. पहिली बस चुकीची घेतली, ती बायपासने जाणारी निघाली, खाली उतरून परत. जुने गोव्याच्या बसमध्ये चढताना "रायबंदरमार्गे?" हे विचारूनच चढायचं. वीस मिनिटं गेली.

साडेसहाला रायबंदरहून पणजीकडे चालायला लागलो. तोच बांध, पण वेगळाच. ऊन पाठीवर आणि अजून कोवळं. पाणी चढलेलं, म्हणून वास नाही, कांदळवनाच्या मुळ्या पाण्यात, बगळे रांगेत. एका खंड्याने तारेवरून सूर मारला आणि चोचीत काहीतरी चमकणारं घेऊन परत त्याच तारेवर. भाच्याने तीन किलोमीटरमध्ये एकदाही "किती राहिलं" विचारलं नाही. साडेसातला पाटो. त्याची आठवी यंदा एप्रिलमध्येच सुरू झाली आहे, त्याला तिथूनच शाळेत पळावं लागलं.

नकाशावर: फक्त सकाळी, फक्त रायबंदर ते पणजी, सातच्या आधी निघा. भरती-ओहोटीची वेळ बघा.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

संध्याकाळी फोंतेन्हासची फेरी तपासायला गेलो. सुट्टी एवढंच डोक्यात, कसली सुट्टी ते नाही. वस्तीत शांतता, सान सेबास्तियांवच्या कपेलाजवळ काळ्या कपड्यांत माणसं. या कपेलातला क्रूस जुने गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला, त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. आज तो बघायला वही-पेन्सिल घेऊन जायचा दिवस नव्हता. परत फिरलो. आजी मात्र खऱ्या निघाल्या. साडेपाचला सगळी गल्ली गार.

२७ एप्रिल, रविवार

दिवाडी. जुने गोव्यापर्यंत बस, व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर, फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे उतरलं की खाजनातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतून, जाणारा सरळ रस्ता, मग पिएदाद गाव, मग टेकडीवरची इगर्जी (चर्च).

खाजनाचा रस्ता उघडाच आहे, ते आता शहाण्यासारखं आधी ओळखलं होतं. पावणेसातलाच उतरलो. वायंगण (उन्हाळी भात) कापून झालेलं, जमिनीला भेगा, त्यात गुरं. एका ठिकाणी मानस बघायला थांबलो. थांबायचं ठरलं पाच मिनिटं, अर्धा तास गेला. बांधात बसवलेली लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं, दारं उघडतात, शेतातलं पाणी नदीत. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, दारं आपसूक मिटतात, खारं पाणी आत येत नाही. ना मोटर, ना पहारेकरी. आम्ही होतो तेव्हा पाणी फिरायची वेळ होती. दारं अर्धवट उघडी, हलत होती, जणू ठरत नव्हतं. मग बाहेरून पाणी आलं आणि एक दार हळूच दुसऱ्याला टेकलं, "टप्". भाच्याला हे देवळांपेक्षा आवडलं. मलाही.

या अर्ध्या तासाची किंमत चढावर मोजली. टेकडीवर पोहोचेपर्यंत साडेआठ, पाणी संपलं, आणि वर चहाची टपरी असेल असं मी गृहीत धरलेलं. त्या वेळी उघडं काही मिळालं नाही. गावात एका घरी मागितलं. वरून मात्र जुने गोव्याचे कळस झाडीतून वर आलेले दिसतात, आणि मधे नदी. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. आमच्या डिचोलीकडच्या नार्व्यातलं, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, ते त्यानंतरचं. माहेरचा देव इथून तिकडे गेला हे शाळेत शिकले होते, अंतर डोळ्यांनी आज बघितलं. जवळ आहे. फारच जवळ.

नकाशावर: माणशी दीड लिटर पाणी, घरूनच. मानसपाशी जास्तीत जास्त दहा मिनिटं. (लिहिलं आहे, कुणी पाळणार नाही.)

२ मे, शुक्रवार

नकाशा छापून आला. पुठ्ठ्यासारखा जाड कागद, दोन्ही बाजूंनी रंगीत, ४० प्रती, प्रत्येकी २२, म्हणजे ८८० रुपये. काकांचं अक्षर, माझी चित्रं. खरंच देखणा.

दुपारी गच्चीवर पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवायच्या) मिरच्या उलटायला गेले. साडेबाराची वेळ. कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाकडे सहज लक्ष गेलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खांबाला सावलीच नव्हती. माझी स्वतःची सावली पायांखाली गोल, चपलेच्या बाहेर येत नव्हती. काकांना हाक मारली. ते वर आले, खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "अरे देवा. नकाशा."

मला कळायला वेळ लागला. आज सूर्य बरोबर डोक्यावर आहे. मार्चमध्ये तो दक्षिणेकडे कलत होता. उद्यापासून तो दुपारी उत्तरेकडे कलणार, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. आणि आमची हिरवी पेन्सिल मार्चमध्ये फिरली होती.

११ मे, रविवार

खात्री करायला तोच पूर्व-पश्चिम रस्ता, सकाळी साडेआठ. दक्षिणेचा फुटपाथ, जो नकाशावर हिरवागार आहे, उन्हात. समोरचा, उत्तरेचा, सावलीत. सूर्य आता पूर्वेच्याही थोडा उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळभर उत्तरेकडच्या घरांची सावली रस्त्यावर पडते. सावलीचा पट्टा मार्चएवढाच, जेमतेम फुटपाथभर. बाजू तेवढी उलटी.

४० प्रती चुकीच्या. दोनच वाटल्या होत्या, एक वहिनींना आणि एक आजींना. वहिनींची परत आणली. आजींची राहू दिली, त्यांना नकाशाची गरज नाही.

काका दोन दिवस नीट बोलले नाहीत. माझ्यावर नाही, स्वतःवर. आयुष्य नकाशांत गेलं आणि सूर्य विसरलो, हे त्यांना लागलं. मी म्हटलं, चूक दोघांची. ते म्हणाले, तू शिवणकाम करतेस, तुला माफ आहे.

१३ मे, मंगळवार

दुरुस्ती. घरांची हिरवी बाजू नकाशातून काढून टाकली. महिन्याला बदलणारी गोष्ट छापायची नाही. राहिल्या त्या न बदलणाऱ्या: टेकडीची सावली, झाडांखालचे पट्टे, चालण्याची दिशा दाखवणारा बाण, निघायची वेळ. सहा बाण, सहा वेळा. नकाशा एकदम रिकामा दिसतो. वापरायला सोपा झाला.

या वेळी साध्या कागदावर काळी झेरॉक्स, ५० प्रती, १०० रुपये. बाण हाताने लाल. वहिनी, भाचा आणि मी एका दुपारी तीनशे बाण काढले. आधीच्या जाड कागदांची मागची बाजू मी ब्लाउजच्या मापांना वापरते आहे.

१७ मे, शनिवार

शेवटची फेरी, नकाशावरच्या सहांवर एक जादा, आणि एकमेव जी पहिल्याच दमात बसली.

संध्याकाळी चार. पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेती, तिथून नेरूल-कांदोळीकडे जाणारी बस, वेऱ्यापुढे रेइश मागूशच्या फाट्याला उतरायचं. आधी किल्ल्याच्या पायथ्याची इगर्जी, मग नदीकाठाने पूर्वेकडे बेतीपर्यंत परत. सूर्य पाठीमागे, वाराही पाठीमागून, समोर नदीपलीकडे सगळी पणजी संध्याकाळच्या उजेडात. किल्ल्यावर चढलो नाही, तो वेगळा दिवस ठेवा.

बेतीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना काका अखेर बोलते झाले. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, त्यानंतर नवा पूल होईपर्यंत, १९९२ पर्यंत, याच धक्क्यावर रोज रांगा. ऑफिसला जायचं म्हणजे डबा, छत्री आणि चिकाटी. "तेव्हा आम्ही चालायचोच," ते म्हणाले, "फक्त त्याला फेरी म्हणत नव्हतो." बोटीत अकरा जणी होत्या. गरगरलेल्या काकीही. चंदेरी अस्तराची छत्री त्यांच्या हातात होती.

हिशेब मांडला. वही ४५, छत्री ३८०, तांब्याची बाटली ७५०, पहिली छपाई ८८०, झेरॉक्स १००, बस आणि चहा धरून ६४०. एकूण २,७९५. त्यातले १,६३० निव्वळ चुकांचे.

२० मे, मंगळवार

पाऊस. वळवाचा असेल म्हणून थांबलो, तर थांबतच नाही. मिरच्या अर्ध्या भिजल्या.

२४ मे, शनिवार

पाऊस चालूच. दरवर्षी जूनची वाट बघायची, यंदा हा मेमध्येच घरात. ५० प्रतींपैकी ३१ वाटल्या गेल्या, १९ प्लॅस्टिकच्या पिशवीत.

सकाळी उघडीप होती म्हणून मारुतीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आले. जांभ्यावर चार दिवसांतच हिरवा पातळ थर धरला आहे, पाय सटकतो. वरून तिघी छत्र्या मिटून, कठडा धरून, आडव्या उतरत होत्या, एकीच्या हातात आमचा नकाशा. मी त्यांना दुसऱ्या बाजूने डांबरी रस्त्याने उतरायला सांगितलं. घरी येऊन उरलेल्या १९ प्रतींवर दोन नंबरच्या बाणाशेजारी लिहिलं: पावसात नको, शेवाळ. मूळ प्रत काकांकडे दिली आहे. नार्व्याला जाणारी बस कुठून पकडायची ते मी बघून ठेवते, पुढची फेरी ऑक्टोबरात तिकडे.